कर्मवीर दादासाहेब गायकवाड : जमिनीचा प्रश्न संसदेपर्यंत नेणारा विरोधी बाकावरचा नेता

भाऊराव कृष्णाजी तथा दादासाहेब गायकवाड (१५ ऑक्टोबर १९०२ – २९ डिसेंबर १९७१) हे बाबासाहेब डॉ. आंबेडकरांचे निष्ठावान सहकारी, काळाराम मंदिर सत्याग्रहाचे प्रमुख संघटक, मुंबई विधिमंडळाचे सदस्य, लोकसभा व राज्यसभेचे खासदार आणि भारतीय रिपब्लिकन पक्षाचे अध्यक्ष होते. चळवळ त्यांना 'कर्मवीर' म्हणते. भारत सरकारने १९६८ मध्ये त्यांना पद्मश्री दिली.

आज त्यांचे नाव दोन ठिकाणी हमखास भेटते. एक, काळारामच्या सत्याग्रहावरच्या भाषणांत. दुसरे, समाजकल्याण विभागाच्या जमीनवाटप योजनेच्या अर्जावर. या दोन ठिकाणांच्या मधली चाळीस वर्षे मात्र फारशी कुणी सांगत नाही. दादासाहेबांचे खरे राजकारण याच वर्षांत घडले. आपल्याकडे निवडणूक आली की 'युती कुणाशी करायची' या प्रश्नावर रात्र रात्र वाद होतात. त्या वादाची मुळे बऱ्याच अंशी दादासाहेबांच्या कारकिर्दीत आहेत, म्हणून ती नीट माहीत असलेली बरी.

नाशिक आणि काळाराम

दादासाहेबांचा जन्म नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यातील आंबे या गावचा. महार कुटुंब, म्हणजे वतनाची गावकी घरात असणारच. गावचा सांगावा पोहोचवणे, सरकारी माणसाच्या पुढे धावणे, मेलेले जनावर ओढणे ही कामे आणि त्या बदल्यात वतनाच्या जमिनीचा तुकडा व बलुते. जमीन, चाकरी आणि अपमान या तिन्हींची गाठ त्यांनी लहानपणीच पाहिली होती. पुढे आयुष्यभर त्यांच्या राजकारणात जमीन पुन्हा पुन्हा का येते, याचे उत्तर इथे सापडते.

२ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. सत्याग्रह समितीचे सचिव दादासाहेब होते. मिरवणूक मंदिराशी पोहोचली तेव्हा चारही दरवाजे बंद होते. दुसऱ्या दिवशी १२५ पुरुष आणि २५ स्त्रियांची पहिली तुकडी त्या चार दरवाजांवर बसली. ९ एप्रिलला रामनवमीच्या रथावरून झालेली दगडफेक, त्यानंतरचे बहिष्कार, गावोगावी सत्याग्रहींच्या घरच्यांना झालेला त्रास हे सगळे सोसत हा लढा पाच वर्षांच्या आसपास चालला. बाबासाहेब या काळात गोलमेज परिषदेसाठी लंडनला, मग मुंबईला, पुन्हा लंडनला. नाशिकमध्ये रोजची तुकडी उभी करणे, धान्य गोळा करणे, अटक झालेल्यांच्या घरी कोण जाणार ते ठरवणे हे काम दादासाहेबांचे. 'कर्मवीर' ही पदवी भाषणांतून आली नाही, ती या कामातून आली.

३ मार्च १९३४ रोजी बाबासाहेबांनी दादासाहेबांना लिहिलेले पत्र आंबेडकरी पत्रव्यवहारात महत्त्वाचे मानले जाते. मंदिरप्रवेशाची चळवळ आपण दलितांनी मूर्तिपूजक व्हावे म्हणून सुरू केली नव्हती, लोकांना त्यांच्या स्थितीची जाणीव व्हावी आणि त्यांच्यात चेतना यावी म्हणून केली होती. ते काम झाले आहे, आता शक्ती शिक्षण व राजकारणाकडे वळवावी, असा त्या पत्राचा आशय होता. ज्या माणसाने चार वर्षे लोकांना दरवाजावर बसवले, त्यालाच आता थांबायला सांगायचे होते. दादासाहेबांनी ते ऐकले. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी 'हिंदू म्हणून मरणार नाही' ही घोषणा केली. ते येवलाही नाशिक जिल्ह्यातलेच.

विधिमंडळ, वतन आणि जुडी

ऑगस्ट १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन झाला आणि १९३७ च्या निवडणुकीत दादासाहेब नाशिकमधून मुंबई विधानसभेत गेले. काँग्रेस सत्तेवर, स्वतंत्र मजूर पक्ष विरोधात. विरोधी बाकाशी त्यांची ओळख अशी सुरुवातीपासूनची. हा पक्ष फक्त अस्पृश्यांचा नव्हता, हे तरुण वाचकांनी ध्यानात ठेवावे. कोकणातल्या खोतीविरुद्ध बाबासाहेबांनी विधेयक आणले, १० जानेवारी १९३८ ला हजारो शेतकरी मुंबईत विधिमंडळावर चालून आले, त्यात कुणबी कुळे मोठ्या संख्येने होती. जातीच्या आणि जमिनीच्या प्रश्नाला एकाच वेळी हात घालणारा पक्ष कसा असतो, हे दादासाहेबांनी इथे आतून पाहिले.

महार वतनाचा प्रश्न त्यांच्या अधिकच जवळचा. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये वतन कायद्यात दुरुस्ती करण्याचे विधेयक मांडले होते, ते पुढे गेले नाही. उलट सरकारने वतनी जमिनींवरची जुडी, म्हणजे सवलतीचा सारा, वाढवायला घेतला. चाकरी चोवीस तासांची, मोबदला तुटपुंजा, आणि त्यावरही वाढीव सारा. १९४१ च्या ऑगस्टमध्ये सिन्नरला महार, मांग, वेठिया यांची परिषद झाली ती याच अन्यायाविरुद्ध. वतन म्हणजे मान, असे समजणारी जुनी माणसे आपल्यात तेव्हा पुष्कळ होती. त्यांना ती जमीन ही साखळीही आहे हे पटवणे सोपे नव्हते. नाशिक-नगर भागात गावोगाव फिरून हे पटवण्याचे काम दादासाहेबांनी वर्षानुवर्षे केले.

वतने अखेर १९५८ च्या मुंबई कनिष्ठ ग्रामवतने निर्मूलन कायद्याने गेली, अंमल १ ऑगस्ट १९५९ पासून. चाकरी संपली. जमीन मात्र आपोआप मोकळी झाली नाही. ठरलेली कब्जेहक्काची रक्कम भरायची, मग ती परत मिळायची, तीही जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता न येणाऱ्या शर्तीवर. ज्यांनी रक्कम वेळेत भरली नाही त्यांच्या सातबाऱ्याचे काय झाले, हे अनेक घरांना आजही चांगले ठाऊक आहे.

फेडरेशनकडून रिपब्लिकन पक्षाकडे

१९४२ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन निघाले. १९४६ च्या निवडणुकीत फेडरेशन जवळजवळ सर्वत्र हरले, १९५२ मध्ये तर खुद्द बाबासाहेब मुंबईत पराभूत झाले. संयुक्त मतदारसंघात आपल्या एकट्याच्या बळावर राखीव जागाही जिंकता येत नाही, हा धडा त्या पिढीने दोनदा घेतला. या पराभवांच्या काळातही दादासाहेबांचे लक्ष जमिनीवरच होते. १९५३ मध्ये मराठवाड्यात, जे तेव्हा हैदराबाद राज्यात होते, भूमिहीनांनी पडीक जमिनींवर ताबा घेण्याचा सत्याग्रह केला. त्यामागे फेडरेशन आणि दादासाहेब होते.

१८ मार्च १९५६ ला आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी सुशिक्षितांबद्दलची निराशा बोलून दाखवली आणि खेड्यातल्या भूमिहीनांसाठी आपल्याला फारसे करता आले नाही, याची खंत व्यक्त केली. १४ ऑक्टोबरला नागपूरची धम्मदीक्षा, ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण. सगळे एका वर्षात. पुढे दादासाहेबांनी जे केले, ते आग्र्यातल्या त्या अर्ध्या राहिलेल्या कामाला हात घालणे होते, असे मला वाटते.

फेब्रुवारी-मार्च १९५७ ची निवडणूक फेडरेशनने संयुक्त महाराष्ट्र समितीत राहून लढवली. एस. एम. जोशी, डांगे, अत्रे यांच्या बरोबरीने दादासाहेब समितीच्या व्यासपीठांवर होते. पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडाली. दादासाहेब नाशिकमधून लोकसभेवर गेले, तेही राखीव नसलेल्या जागेवरून. कोपरगावमधून बी. सी. कांबळे निवडून आले. ज्या नाशिकमध्ये सत्तावीस वर्षांपूर्वी मंदिराचा दरवाजा उघडला नव्हता, त्या नाशिकने सर्व जातींच्या मतांनी त्यांना दिल्लीला पाठवले.

३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरात भारतीय रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. बाबासाहेबांनंतर कोणी एक नेता पुढे न करता सामूहिक नेतृत्वाने चालावे, असा आधीच निर्णय झाला होता. अध्यक्षपद तामिळनाडूचे एन. शिवराज यांच्याकडे गेले. पक्ष महाराष्ट्राचा नाही, देशाचा आहे, हे त्यातून सांगायचे होते.

दुरुस्त आणि नादुरुस्त

दोन वर्षांच्या आत पक्ष फुटला. बी. सी. कांबळे, दादासाहेब रूपवते आदींचा गट 'दुरुस्त' म्हणवू लागला, मग साहजिकच गायकवाडांचा गट 'नादुरुस्त' ठरला. लोक त्याला सुटाबुटातले विरुद्ध धोतरवाले असेही म्हणत. दादासाहेब शेवटपर्यंत धोतरातच राहिले.

हे भांडण केवळ अहंकाराचे होते असे सांगण्याची पद्धत आहे. ती अर्धवट आहे. कांबळे वकील, अभ्यासू, बाबासाहेबांच्या वृत्तपत्राचे काम केलेले. त्यांचा मुद्दा असा की संविधान आल्यावर सत्याग्रहाचा मार्ग सोडावा, असे बाबासाहेबांनी संविधान सभेतल्या २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात स्पष्ट सांगितले आहे. शिवाय कम्युनिस्टांच्या सोबतीने पक्ष त्यांच्या ताब्यात जाईल. हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. दादासाहेबांची बाजू कागदावर कमी आणि रानात जास्त दिसते. ज्याच्याकडे जमीन नाही, वकील नाही, आणि ज्याच्या गावचा तलाठी, पाटील, सोसायटीचा चेअरमन एकाच घरातले आहेत, त्याने संवैधानिक मार्ग कुठून सुरू करायचा? त्यांच्या लेखी सरकारी पडीक जमिनीवर उघडपणे नांगर धरून अटक करवून घेणे हा कायद्याला आणि सरकारला जागे करण्याचा मार्ग होता.

माझे मत विचाराल तर वादाचे दोन्ही टोक पक्षाला हवे होते. एकाला मसुदा कळत होता, दुसऱ्याला माणूस. ते दोन्ही एका छताखाली राहिले नाहीत, याची किंमत पुढच्या पिढ्यांनी मोजली.

भूमिहीनांचा सत्याग्रह

१९५९ चा सत्याग्रह खानदेश, मराठवाडा आणि नाशिक-नगरच्या पट्ट्यात पेटला. मागणी साधी होती : गावोगावच्या सरकारी पडीक जमिनी, गायराने आणि वनखात्याकडची लागवडीजोगी जमीन भूमिहीनांना द्या. पद्धतही साधी होती. ठरलेल्या दिवशी माणसे औत-कुदळ घेऊन जमिनीवर जायची, घोषणा द्यायची, नांगर धरायची. पोलीस यायचे, गाड्या भरायच्या. मग दुसरी तुकडी. काळारामच्या दरवाजावर जे तंत्र वापरले तेच आता गायरानावर, फक्त या वेळी देवाऐवजी भाकरी मागायची होती. बायका तान्ही मुले घेऊन तुरुंगात गेल्या. जेलमध्ये जागा उरली नाही, असे प्रकार घडले. या लढ्यात बौद्धांबरोबर मातंग, आदिवासी, गरीब मराठा-कुणबी भूमिहीनही ठिकठिकाणी होते आणि डावे पक्ष सोबत होते. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाणांच्या सरकारला पडीक जमिनींच्या वाटपाची आश्वासने द्यावी लागली. काही गावांत एकसाली पट्टे मिळाले, म्हणजे एका वर्षापुरती लागवडीची परवानगी. दरवर्षी पुन्हा अर्ज, पुन्हा तलाठ्याचे पाय. तरीही आज मराठवाड्यातल्या अनेक बौद्ध वस्त्यांच्या ताब्यात जी चार-पाच एकर जमीन आहे, तिची पहिली नांगरट या काळातली आहे.

१९६२ ला काय झाले ते आधी पाहू, कारण त्याशिवाय १९६४ कळत नाही. त्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाला महाराष्ट्रात विधानसभेच्या तीनच जागा मिळाल्या आणि लोकसभेची एकही नाही. पण उत्तर प्रदेशातून लोकसभेचे तीन खासदार आले. अलिगढमध्ये बी. पी. मौर्य यांनी जाटव आणि मुस्लिम मते एकत्र आणून जागा जिंकली. समितीची लाट ओसरल्यावर महाराष्ट्रात पक्ष एकटा पडला होता आणि उत्तरेत मात्र नवी वाट दिसत होती. दादासाहेब त्याच वर्षी राज्यसभेवर गेले, १९६८ पर्यंत तिथे होते. (त्यांच्या नाशिकच्या जागेवर १९६३ ची पोटनिवडणूक झाली तेव्हा संरक्षणमंत्री झालेले यशवंतराव चव्हाण बिनविरोध निवडून आले. चीनच्या युद्धानंतरचे दिवस होते. तरीही 'बिनविरोध' या शब्दापाशी थोडे थांबावेसे वाटते.)

महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश, पंजाब यांना एका सूत्रात बांधणारा कार्यक्रम हवा होता. तो म्हणजे १९६४ चे दहा मागण्यांचे निवेदन. १ ऑक्टोबर १९६४ ला दिल्लीत संसदेवर मोर्चा ठरला. दोनच दिवस आधी, २९ सप्टेंबरला, पक्षाध्यक्ष एन. शिवराज यांचे निधन झाले. तरीही मोर्चा निघाला. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांना निवेदन देण्यात आले. शिवराज यांच्यानंतर पक्षाची धुरा दादासाहेबांच्या खांद्यावर आली.

त्या मागण्या आज पुन्हा वाचल्या की थक्क व्हायला होते. संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लावा. कसेल त्याला जमीन द्या, पडीक जमीन भूमिहीनांना द्या. धान्याचे वाटप नीट करा, महागाई आवरा. झोपडपट्टीवासीयांची स्थिती सुधारा. किमान वेतन कायदा, जो १९४८ पासून कागदावर होता, खरोखर लागू करा. बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातींच्या सवलती द्या. दलितांवरचे अत्याचार थांबवा, अस्पृश्यता गुन्हा कायद्याची अंमलबजावणी करा. नोकऱ्यांतल्या राखीव जागा भरा. पहिली मागणी सन्मानाची, दुसरी जमिनीची, तिसरी-चौथी कोणत्याही जातीच्या गरिबाची. बौद्धांची खास मागणी एकूण यादीत एकच. आपल्या प्रश्नासोबत दुसऱ्याचा प्रश्न घेऊन निघालेला पक्ष असा दिसतो.

६ डिसेंबर १९६४ रोजी, महापरिनिर्वाण दिनी, देशभर सत्याग्रह सुरू झाला आणि १९६५ च्या सुरुवातीपर्यंत चालला. पक्षाच्या हिशेबाने तीन लाखांहून अधिक लोकांनी अटक करवून घेतली. संसदेत जेमतेम तीन-चार खासदार असलेल्या पक्षाने इतकी माणसे तुरुंगात पाठवली. नाशिकच्या शांताबाई दाणींसारख्या, दादासाहेबांच्या सहवासात घडलेल्या कार्यकर्त्या या चळवळीचा कणा होत्या. त्यांचे 'रात्रंदिन आम्हां' हे आत्मकथन तरुण मुलींनी जरूर वाचावे. अखेर शास्त्री सरकारने चर्चा केली, बऱ्याच मागण्या तत्त्वतः मान्य केल्या आणि सत्याग्रह मागे घेतला गेला.

'तत्त्वतः' या शब्दाचे पुढे काय झाले? संसदेच्या आवारात बाबासाहेबांचा पुतळा २ एप्रिल १९६७ ला उभा राहिला, राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते. मध्यवर्ती सभागृहात तैलचित्र लागायला १२ एप्रिल १९९० उजाडला.

बौद्धांच्या सवलतींचे दुखणे खोल होते. अनुसूचित जातींबाबतच्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने हा दर्जा हिंदूंपुरता ठेवला, १९५६ मध्ये शिखांना घेतले. त्याच वर्षी धम्मदीक्षा घेणारे मात्र बाहेर पडले. १९५१ च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या भागात बौद्ध अडीच हजारांच्या आत होते, १९६१ मध्ये ते जवळपास २७ लाख ९० हजार झाले. म्हणजे लाखो लोकांनी केंद्राच्या सवलती जाणार हे माहीत असून जनगणनेत 'बौद्ध' लिहिले. राज्य पातळीवर चव्हाण सरकारने १९६० मध्ये सवलती दिल्या, हे नोंदवले पाहिजे. केंद्राचा कायदा बदलला १९९० मध्ये, व्ही. पी. सिंह सरकारच्या काळात. मागणी आणि कायदा यांत सव्वीस वर्षे गेली. तोवर दादासाहेबांना जाऊन एकोणीस वर्षे झाली होती.

जमिनीच्या मागणीचे उत्तर सर्वांत अपुरे राहिले. महाराष्ट्राचा कमाल जमीनधारणा कायदा १९६१ चा, अंमल २६ जानेवारी १९६२ पासून. पण मर्यादा सैल, वाटण्या कागदोपत्री. साखर कारखान्यांचे ऊसमळे सरकारच्या शेती महामंडळाकडे गेले, भूमिहीनांच्या वाट्याला फार थोडे आले.

काँग्रेसशी युती

१९६७ मध्ये दादासाहेबांच्या नेतृत्वाखालील रिपब्लिकन पक्षाने महाराष्ट्रात जिल्हा परिषद आणि पंचायत समित्यांच्या निवडणुकांसाठी काँग्रेसशी युती केली. तीस वर्षे विरोधी बाकावर बसलेला नेता सत्ताधारी पक्षासोबत गेला. चळवळीत आजही याबद्दल दोन तट आहेत. एका बाजूला 'तिथून घसरण सुरू झाली', दुसऱ्या बाजूला 'दादासाहेबांना पर्यायच नव्हता'.

त्यांच्या बाजूने बोलायचे तर परिस्थिती अशी होती. १९६७ च्या विधानसभेत पक्षाच्या जागा पाच. १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या होत्या. शाळा, विहिरी, रस्ते, कर्ज, बियाणे सगळे तिथून वाटले जाई. धम्मदीक्षेनंतर गावकीची कामे सोडलेल्या बौद्धांवर गावोगाव बहिष्कार पडत होते, पाणवठे बंद होत होते. पोलीस पाटील कुणाचा, सभापती कुणाचा, यावर बहिष्कार टिकतो की मोडतो हे ठरत होते. गावातल्या माणसाला उद्या सकाळी संरक्षण हवे होते. शिवाय डावे आणि समाजवादी पक्ष निवडणुकीत आपली मते घेत आणि त्यांची मते आपल्या उमेदवाराला पडत नसत, हा कडवट अनुभव होता. चव्हाणांशी वैयक्तिक संबंध चांगले होते आणि वतन, सवलती या दोन बाबतींत त्यांनी काही केले होते.

हे सगळे खरे धरूनही एक प्रश्न उरतो. ज्यांच्या ताब्यात गायराने, सोसायट्या आणि कारखाने होते तेच लोक काँग्रेसचे जिल्ह्याचे पुढारी होते. त्यांच्याशी युती केल्यावर त्यांच्या गावात नांगर घेऊन कोण जाणार? १९६४ सारखा देशव्यापी भूमिसत्याग्रह रिपब्लिकन पक्षाने युतीनंतर पुन्हा केला नाही. पदे मात्र आली. रा. सू. गवई १९६८ मध्ये विधान परिषदेचे उपसभापती झाले. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे १९६९ मध्ये राज्यसभेचे उपसभापती. दोन्ही मानाची पदे, दोघेही कर्तबगार. पण उपसभापतीच्या खुर्चीचे काम सभागृह चालवण्याचे, सरकारला धारेवर धरण्याचे नव्हे. विरोधी पक्षाचे उत्तम वक्ते त्या खुर्चीत बसले की कुणाचे काम सोपे होते, हे सांगायला नको. बी. पी. मौर्य तर पुढे थेट काँग्रेसमध्येच गेले आणि केंद्रात राज्यमंत्री झाले. १९७० च्या सुमारास गायकवाड आणि खोब्रागडे यांचेही मार्ग वेगळे झाले. १९७१ च्या लोकसभेत रिपब्लिकन पक्षाचा एकच खासदार निवडून आला.

पुण्यातल्या संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला असलेले कांशीराम हे सगळे जवळून पाहत होते. रिपब्लिकन पक्षाच्या कामातून आलेला भ्रमनिरास त्यांच्या पुढच्या सगळ्या मांडणीमागे आहे. आधी कर्मचाऱ्यांची संघटना, मग पक्ष, आणि मोठ्या पक्षाच्या मेहेरबानीवर मिळालेल्या जागांना नकार. मुंबईत १९७२ मध्ये दलित पँथर निघाली तीही रिपब्लिकन नेत्यांवरच्या रागातून. दादासाहेब जाऊन तेव्हा सहा महिनेही झाले नव्हते.

मात्र या रागात दादासाहेबांना सरसकट मोडीत काढणे अन्यायाचे आहे. त्यांनी युती केली तेव्हा त्यांच्यामागे १९५९ आणि १९६४ चे सत्याग्रह होते, मागण्यांची यादी हातात होती, आणि समोरच्याला त्यांच्या माणसांची संख्या माहीत होती. नंतरच्या अनेक गटांनी युतीची सवय तेवढी उचलली. जेलमध्ये जायची तयारी उचलली नाही.

शेवट आणि त्यानंतर

२९ डिसेंबर १९७१ रोजी दादासाहेबांचे निधन झाले. नाशिकमध्ये त्यांच्या नावाचे सभागृह आहे, ठिकठिकाणी वसतिगृहे आहेत, दरवर्षी १५ ऑक्टोबर आणि २९ डिसेंबरला कार्यक्रम होतात.

राज्य शासनाने २००४-०५ पासून त्यांच्या नावाने 'सबळीकरण व स्वाभिमान योजना' सुरू केली. दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायती किंवा दोन एकर बागायती जमीन, ती सरकारने विकत घेऊन द्यायची. सुरुवातीला निम्मे अनुदान आणि निम्मे कर्ज होते, २०१८ पासून पूर्ण अनुदान. योजना चांगली आहे, पात्र असाल तर जिल्ह्याच्या समाजकल्याण सहायक आयुक्तांकडे अर्ज जरूर करा. अडचण एवढीच की शासनाने ठरवलेल्या दरात जमीन विकायला कोणी तयार होत नाही. दादासाहेब विकत घेतलेली जमीन मागत नव्हते, सरकारच्या ताब्यात पडून असलेली मागत होते. त्यांच्या नावाच्या योजनेत त्या जमिनीचा उल्लेख नाही.

ती जमीन अजून वादात आहे. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयानुसार १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातली मागासवर्गीय भूमिहीनांची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करायची होती. शेवटची तारीख बाबासाहेबांच्या जयंतीची, त्यांच्या जन्मशताब्दी वर्षाच्या आरंभाची. अनेक गावांत ते काम अर्धवट राहिले. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग प्रकरणात गावच्या सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्यास सांगितले. त्याच निकालात भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारी आदेशाने दिलेल्या पट्ट्यांचा अपवाद आहे, तो मात्र गावपातळीवर क्वचितच कुणी वाचून दाखवतो. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर गायरानधारकांना नोटिसांचा सपाटा सुरू झाला. आजोबांनी १९६४ ला जेल भोगून मिळवलेल्या वावरात नातवाच्या हाती नोटीस आली.

अशा प्रकरणात पहिला प्रश्न पुराव्याचा असतो. तलाठ्याकडे गाव नमुना १-ई ही अतिक्रमणांची नोंदवही असते, तिच्यात कुटुंबाचे नाव कोणत्या वर्षापासून आहे ते पाहून नक्कल घ्यावी. दंडाच्या जुन्या पावत्या, एकसाली पट्ट्याचे कागद, पीकपाहणीच्या नोंदी, त्या काळच्या अटकेची किंवा शिक्षेची कागदपत्रे हे सगळे जपून ठेवावे. घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारावे, पत्र्याची पेटी उघडून पाहावी. दंडाची पावती सरकारने अतिक्रमण केले म्हणून दिलेली असते, पण तीच पावती त्या वर्षी जमीन कोण कसत होते हेही सांगते.